जठराग्नीचा पत्ता

पावसाने ओढ दिली की ज्वारी खुरटते. अशा गुडघाभर वाढून मलूल पडलेल्या रानात गाय शिरली आणि तिने घाईघाईने पोटभर चरून घेतलं, तर कधी कधी अर्ध्या तासाच्या आत ती धापा टाकू लागते. तोंडातून लाळ गळते, पाय लटपटतात आणि बघता बघता ती आडवी होते. जाणत्या शेतकऱ्याला कारण ठाऊक असतं. पाण्याचा ताण बसलेल्या कोवळ्या ज्वारीत, किंवा कापणीनंतर बुडख्यातून आलेल्या फुटव्यात, धुरिन नावाचं द्रव्य साठलेलं असतं. पाला चावला गेला की ते फुटतं आणि त्यातून सायनाइड सुटतं. तीच ज्वारी पिकून तिचा वाळका कडबा झाला की तेच जनावर तो बिनधोक खातं.

या गाईच्या शिरेतून रक्त काढलं तर ते लालभडक निघतं. खरं तर शिरेतलं रक्त काळपट असायला हवं, कारण ते ऑक्सिजन पोचवून परतीच्या वाटेला लागलेलं असतं. इथे मात्र ते भरल्या टोपलीनिशी परत आलेलं आहे. नाकपुड्या फुललेल्या, फुप्फुसांचा भाता चालू, रक्तात ऑक्सिजन काठोकाठ, आणि जनावर मरतंय गुदमरून.

म्हणजे श्वास नाकात नाही, फुप्फुसात नाही आणि रक्तातही नाही. ती सगळी वाहतूक झाली. खरा व्यवहार त्याच्या पुढे कुठेतरी चालतो, आणि सायनाइड नेमकं तिथे जाऊन बसतं. ती जागा सापडायला माणसाला दीडशे वर्षं लागली.

आपल्या भाषेने त्या जागेचा एक पत्ता फार पूर्वीच देऊन ठेवला आहे. पोटात आग पडते, भूक भडकते, जठराग्नी मंद होतो. जेवणाआधी ताटावर बसून म्हणायच्या श्लोकातही खाण्याला यज्ञाची उपमा आहे. अन्न जळतं ही कल्पना आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की कॅलरी ‘जाळायला’ सकाळी टेकडीवर जाणाऱ्यांना त्यात काही वेगळं बोलतोय असं वाटतही नाही.

या कल्पनेला तराजूत घातलं ते पॅरिसमध्ये आंत्वान लव्हॉझिए आणि पिएर-सिमों लाप्लास यांनी. 1782-83 च्या हिवाळ्यात त्यांनी एक भांडं बनवलं. आतल्या कप्प्याभोवती बर्फ, त्या बर्फाबाहेर पुन्हा बर्फाचं आवरण, म्हणजे बाहेरच्या उबेने आतला बर्फ वितळायला नको. आतल्या कप्प्यात त्यांनी एक गिनीपिग ठेवला. दहा तासांत त्याच्या अंगच्या उबेने सुमारे 13 औंस बर्फ वितळला. मग त्यांनी दुसरा हिशेब केला: एवढ्या वेळात हा प्राणी जितका कार्बन डायऑक्साइड सोडतो, तितकाच वायू कोळसा जाळून मिळवला तर किती बर्फ वितळेल? दोन्ही आकडे तंतोतंत जुळले नाहीत, पण एकमेकांच्या इतके जवळ होते की लव्हॉझिएने निष्कर्ष काढला: श्वसन म्हणजे मंद ज्वलन. मेणबत्ती जळते तसंच, फक्त ज्योतीविना.

हिशेब बरोबर होता, पत्ता चुकला. लव्हॉझिएला वाटलं, ही आग फुप्फुसात पेटते. त्यावर लाग्रांज या गणितज्ञाने साधी शंका काढली. सगळ्या अंगाची उष्णता एकट्या फुप्फुसात तयार होत असेल तर फुप्फुसं करपायला नकोत का? ती सगळीकडे, रक्त जाईल तिथे तयार होत असणार. लव्हॉझिएला या वादाचा निकाल पाहायला मिळाला नाही. 1794 मध्ये राज्यक्रांतीच्या गिलोटीनखाली त्याचं डोकं उडालं. पुढच्या शतकात आग फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून अखेर पेशीत सरकली. अंगातली जवळजवळ प्रत्येक पेशी आपापला श्वास घेते. पण मग आग आहे तर ज्वाला का नाही? 37 अंशांवर, ओल्याचिंब जागेत, साखर जळते तरी कशी?

चमचाभर साखर पेटवली तर तिची सगळी ऊर्जा एका भपक्यात, उष्णता होऊन निघून जाते. पेशीला भपका परवडत नाही. स्नायूचा धागा आखडायला, मज्जातंतूतून संदेश धाडायला, नवं प्रथिन विणायला तिला लागते चिमूटभर ऊर्जा, तीही हव्या त्या क्षणी. ही चिमूट जिच्यात बांधलेली असते ती पुडी म्हणजे एटीपी, अडिनोसिन ट्रायफॉस्फेट. तीन फॉस्फेटांची शेपटी असलेला छोटा रेणू. शेवटचं फॉस्फेट सुटलं की ऊर्जा हाती येते आणि रेणूचा एडीपी होतो. पुन्हा फॉस्फेट जोडलं की पुडी नव्याने तयार. शाळेच्या पुस्तकात याला ऊर्जेचं चलन म्हणतात, ते ठीक आहे. पण चलन साठवता येतं, एटीपी साठत नाही. पूर्ण जोर लावून पळणाऱ्या स्नायूतला एटीपी दोन-तीन सेकंदांत संपेल इतकाच असतो. तरीही दिवसभरात आपण जवळपास स्वतःच्या वजनाइतका एटीपी वापरतो, कारण तेच रेणू रोज शेकडो वेळा रिकामे होतात आणि भरले जातात. हॉटेलात चार डझन कप असतात आणि दिवसाला हजारो चहा जातात, तसं.

एटीपीचा शोध 1929 चा. जर्मनीत कार्ल लोमान यांना तो सापडला, आणि त्याच सुमाराला अमेरिकेत हार्वर्डमध्ये सायरस फिस्क आणि येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनाही. सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. दोन वर्षांआधी याच जोडीने स्नायूतलं फॉस्फोक्रिएटिन उजेडात आणलं होतं. जगातल्या प्रत्येक सजीवाच्या जवळजवळ प्रत्येक हालचालीमागे असलेला रेणू शोधणाऱ्यांत हा माणूस होता, आणि आपल्याकडे त्याचं नाव विज्ञान शिकलेल्यांनाही अनेकदा ठाऊक नसतं.

आता भाकरीकडे येऊ. चघळताना लाळेने आणि मग आतड्यातल्या पाचकरसांनी तिच्यातला स्टार्च तोडून ग्लुकोज केलं, ते रक्तातून पेशीत पोचलं. पेशीत शिरल्यावर पहिला टप्पा ग्लायकोलायसिसचा. दहा पायऱ्यांत सहा कार्बनांच्या ग्लुकोजचे तीन-तीन कार्बनांचे दोन तुकडे होतात. यात ऑक्सिजन लागत नाही आणि निव्वळ कमाई होते दोन एटीपींची. ही पद्धत फार जुनी, हवेत ऑक्सिजन नव्हता तेव्हापासूनची. आपल्या तांबड्या रक्तपेशी अजून एवढ्यावरच जगतात. ऑक्सिजन वाहणारी ही पेशी स्वतः त्यातला कणही खर्चत नाही, प्रामाणिक हमाल म्हणावी अशी.

स्टेशनचा जिना चढता चढता लोकल सुटतेय असं दिसलं आणि आपण धूम ठोकली, तर पहिली काही सेकंदं तयार साठ्यावर जातात. त्यानंतर ऑक्सिजनची रसद वाढेपर्यंत स्नायू ग्लायकोलायसिसचा वेग वाढवून वेळ मारून नेतात, आणि लॅक्टिक आम्ल तयार होतं. डब्यात शिरल्यावर दोन स्टेशनं जाईपर्यंत आपण धापा टाकतो ती ही उधारी फेडण्यासाठी. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखतात त्याचं खापर मात्र लॅक्टिक आम्लावर फोडायचं कारण नाही. ते तास-दीड तासात निवळून गेलेलं असतं. दुखणं येतं स्नायूंच्या धाग्यांना झालेल्या बारीक इजांमुळे.

ऑक्सिजन पुरेसा असला की ग्लुकोजचे तुकडे पेशीतल्या तंतुकणिकांमध्ये जातात, इंग्रजीतल्या मायटोकॉन्ड्रिया. काळजाच्या स्नायूपेशीचा जवळपास एक तृतीयांश भाग यांनीच व्यापलेला असतो. तिथे पुढचं चक्र फिरतं. त्याला ज्याचं नाव मिळालं तो हान्स क्रेब्झ 1933 मध्ये ज्यू म्हणून जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या नोकरीतून काढला गेला होता, आणि इंग्लंडमध्ये आधी केम्ब्रिजला आणि मग शेफील्डला येऊन स्थिरावला होता. त्याचं आवडतं साहित्य म्हणजे कबुतराच्या छातीच्या स्नायूचा खिमा. कबुतर उडतं ते छातीच्या जोरावर, त्यामुळे या स्नायूचं श्वसन जबरदस्त. ताजा खिमा द्रावणात घालून काचेच्या बंद भांड्यात हलवत ठेवायचा आणि जोडलेल्या नळीतली पातळी किती सरकते त्यावरून ऑक्सिजन किती खाल्ला गेला ते मोजायचं. यात चिमूटभर सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबातलं आम्ल, घातलं की गंमत होई. त्या आम्लाच्या ज्वलनाला लागेल त्यापेक्षा कितीतरी जास्त ऑक्सिजन खिमा खाऊ लागे. म्हणजे ते नुसतं जळत नव्हतं, ते फिरून फिरून परत तयार होत होतं. मार्ग सरळ नव्हता, गोल होता.

1937 च्या जूनमध्ये क्रेब्झने हे ‘नेचर’ला कळवलं. आमच्याकडे आधीच कित्येक आठवडे पुरतील इतकी पत्रं पडून आहेत, असं सांगून संपादकांनी ते परत पाठवलं. लेख दुसरीकडे, ‘एन्झायमोलॉजिया’त छापून आला, आणि 1953 मध्ये क्रेब्झला नोबेल मिळालं. परत आलेल्या लेखांचा गठ्ठा घरात असणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग लक्षात ठेवावा, असं मला कायम वाटत आलं आहे.

या चक्रात कार्बन सुटा होतो, कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. आणि इथे बहुतेकांची एक समजूत उलटी आहे. आपण श्वासातून घेतलेला ऑक्सिजनच कार्बनला चिकटून उच्छ्वासात बाहेर येतो, असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन येतो अन्नातून आणि पाण्यातून. नाकाने घेतलेल्या ऑक्सिजनचं जवळजवळ सगळं पाणी होतं. थंड स्टीलच्या ताटावर हाः करून बघा. त्यावर धरलेल्या धुक्यातले काही थेंब थोड्या वेळापूर्वी हवेतला ऑक्सिजन होते.

आणि याच वाटेने माणूस बारीक होतो. ‘चरबी वितळून घामावाटे जाते’ म्हणणाऱ्या जाहिरातींना रसायनशास्त्राचा आधार नाही. दहा किलो चरबीचं पेशींत पूर्ण ज्वलन झालं तर 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन जाते आणि 1.6 किलोचं पाणी होतं. वजन उतरतं ते बहुतांश नाकावाटे.

राहिला हायड्रोजन. सगळा ऐवज त्याच्यात आहे. अन्नाच्या रेणूंतून उपटलेला हायड्रोजन, म्हणजे खरं तर त्याचे इलेक्ट्रॉन, काही वाहक रेणू उचलून तंतुकणिकेच्या आतल्या पडद्याशी आणून देतात. हायड्रोजन आणि ऑक्सिजन थेट भेटले तर स्फोट होतो. पेशी त्यांची थेट भेट होऊच देत नाही. मध्ये मध्यस्थांची रांग आहे, आणि प्रत्येक जण इलेक्ट्रॉन पुढच्याच्या हातात ठेवतो.

ही रांग डोळ्यांनी पाहिली डेव्हिड केलिनने, केम्ब्रिजमध्ये. तो मूळचा परजीवी किड्यांचा अभ्यासक. घोड्याच्या पोटात वाढणाऱ्या माशीच्या अळ्यांमागे लागलेला असताना कीटकांच्या उडण्याच्या स्नायूंतून प्रकाश पाठवून त्याने प्रकाशपट पाहिला, तर त्यात चार काळ्या रेघा. यीस्टमध्येही त्याच. यीस्टची नळी हवेत जोराने हलवली की रेघा गायब. नळी क्षणभर स्थिर ठेवली, ऑक्सिजन संपला, की रेघा परत हजर. केलिन पेशीचा श्वास बघत होता. रेघा ज्यांच्या होत्या त्या लोहयुक्त प्रथिनांना त्याने 1925 मध्ये सायटोक्रोम नाव दिलं. रांगेच्या टोकाला ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देणारं जे प्रथिन असतं, त्याच्या लोहाला सायनाइड चिकटतं. आपली गाय तिथे अडली आहे.

मग एटीपी कधी तयार होतो? रांगेतून इलेक्ट्रॉन सरकतात ते एका बाजूला, एडीपीला फॉस्फेट जोडणं दुसऱ्या बाजूला, आणि दोघांना जोडणारा दुवाच सापडेना. पंचविसेक वर्षं चांगल्या चांगल्या प्रयोगशाळा मधला कुणी ‘ऊर्जावान’ रेणू शोधत राहिल्या. तो मिळाला नाही, कारण तो नव्हताच.

ज्याला ते सुचलं त्या पीटर मिचेलने 1961 मध्ये कल्पना मांडली तेव्हा बहुतेकांनी ती वेडगळ ठरवली. पुढे पोटातल्या अल्सरमुळे एडिनबरोची नोकरी सोडून त्याने कॉर्नवॉलमध्ये बॉडमिनजवळची ग्लिन हाउस ही मोडकळीला आलेली जुनी हवेली डागडुजी करून घेतली. तिथेच दुभत्या गाई पाळल्या आणि जेनिफर मॉयल या सहकारी संशोधिकेबरोबर खाजगी प्रयोगशाळा थाटली. आपला सिद्धान्त सविस्तर लिहून राखाडी मुखपृष्ठाच्या पुस्तिका स्वतःच छापल्या आणि वाटल्या.

मिचेलचं म्हणणं समजून घ्यायला आपल्याला कॉर्नवॉलला जायची गरज नाही. सह्याद्रीच्या कड्यावर घाटघरला एक जलाशय आहे आणि कड्याखाली चोंढ्याला दुसरा. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालचं पाणी पंपाने वर चढवायचं. मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून 250 मेगावॉटपर्यंत वीज काढायची. उदंचन प्रकल्प म्हणतात त्याला. तंतुकणिका हेच करते. रांगेतून इलेक्ट्रॉन खाली उतरताना मिळणारी ऊर्जा ती हायड्रोजनचे केंद्रक, म्हणजे प्रोटॉन, पडद्याच्या पलीकडे ढकलण्यात घालते. पलीकडे प्रोटॉनांची दाटी होते. त्यांना परत यायचं असतं, आणि वाट एकच, एका यंत्रातून. ते यंत्र एटीपी बनवतं.

या धरणाची भिंत सुमारे सहा नॅनोमीटर जाडीची. तिच्या दोन बाजूंमधला दाब दीडशे मिलिव्होल्टच्या आसपास, टॉर्चच्या एका सेलच्या दहाव्या भागाएवढा. पण एवढ्या पातळ भिंतीवर तो म्हणजे मीटरला अडीच कोटी व्होल्ट. हवेत 30 लाखांवर ठिणगी उडते.

विरोधकांना निरुत्तर करणारा प्रयोग 1974 चा. एफ्रेम रॅकर आणि वाल्टर स्टोकेनियस यांनी चरबीचे कृत्रिम फुगे केले. त्यात मिठागरात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवाचं, उजेड पडला की प्रोटॉन ढकलणारं प्रथिन बसवलं, आणि गाईच्या काळजातून काढलेलं एटीपी बनवणारं यंत्र. दोघांचा आयुष्यात कधी संबंध आलेला नाही, मध्ये दुवा होईल असा कुठलाच रेणू नाही. दिवा लावला, एटीपी तयार झाला. 1978 चं रसायनशास्त्राचं नोबेल एकट्या मिचेलला मिळालं.

धरण आहे तर टर्बाइनही हवं, आणि ते खरोखरच आहे. एटीपी सिंथेज हे यंत्र शब्दशः फिरतं. गाईच्या पेशीत त्याच्या चाकाला आठ पाकळ्या आहेत. आठ प्रोटॉन गेले की एक फेरा, आणि एका फेऱ्यात तीन एटीपी. पॉल बॉयरने हे तर्काने मांडलं होतं, जॉन वॉकरने त्याची रचना दाखवली, आणि दोघांना 1997 मध्ये नोबेल मिळालं. त्याच वर्षी जपानमध्ये हिरोयुकी नोजी आणि सहकाऱ्यांनी यंत्राचा डोक्याकडचा भाग काचेवर उलटा चिकटवला, त्याच्या दांड्याला चमकणारा धागा बांधला आणि एटीपी टाकला. घाटघरचं यंत्र जसं टर्बाइन म्हणून आणि पंप म्हणूनही चालतं, तसं हेही उलटं चालतं. सूक्ष्मदर्शकाखाली धागा गरगर फिरू लागला, नेहमी एकाच दिशेला.

म्हणजे आगीच्या शोधात निघालेल्यांना शेवटी सापडलं पाणलोटाचं गणित. लव्हॉझिएचा जमाखर्च आजही बरोबर आहे, इंधन आणि राख दोन्ही तीच. फक्त मध्ये चूल नाही.

भिंतीला भोकं पडली तर काय होतं हेही माणसाने स्वतःवर करून पाहिलं आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत डायनायट्रोफिनॉल हाताळणारे कामगार घामाने निथळत, रोडावत, काही तापाने फणफणून मरत. हा रेणू प्रोटॉनांना यंत्र टाळून भिंतीतून थेट परत आणतो. पेशी अन्न जाळत राहते, एटीपी तुटपुंजा, सगळी उष्णता. 1933 नंतर अमेरिकेत तेच द्रव्य बारीक व्हायचं औषध म्हणून विकलं गेलं. मृत्यू झाले, मोतीबिंदू झाले, तेव्हा 1938 मध्ये ते बंद करावं लागलं. निसर्गाने मात्र अशी एक झडप मापात बसवली आहे. तान्ह्या बाळाला थंडीत मोठ्यांसारखं कुडकुडता येत नाही. त्याच्या खांद्यांच्या फऱ्यांमध्ये तपकिरी चरबी असते, आणि तिच्या तंतुकणिकांमध्ये प्रोटॉनांना आडवाटेने सोडणारं प्रथिन. बाळंतिणीच्या खोलीत बाळाच्या पाठीला लागणारी ऊब काही अंशी या मोकळ्या सोडलेल्या पाण्याची.

रानात पडलेली गाय अजून आडवीच आहे. तिचं धरण फुटलेलं नाही, टर्बाइनही शाबूत आहे. रांगेच्या शेवटच्या दारात एक पाचर अडकली आहे आणि मागे सगळं तुंबलं आहे. डॉक्टर वेळेत पोचला तर शिरेतून सोडियम नायट्राइट देतो. त्याने रक्तातल्या काही हिमोग्लोबिनचं लोह असं बदलतं की सायनाइडला पेशीतल्या लोहापेक्षा त्याची ओढ वाटते. ते तिकडे सरकतं. मागोमाग सोडियम थायोसल्फेट, फोटो धुणारे ज्याला हायपो म्हणायचे ते. त्याच्यातलं गंधक सायनाइडला चिकटतं, बरंचसं निरुपद्रवी असं थायोसायनेट होतं आणि मूत्रावाटे निघून जातं. दार मोकळं झालं की शिरेतलं रक्त पुन्हा काळपट होऊ लागतं. मग गाय मान उचलते, आधी पुढचे गुडघे टेकवते, आणि उठते.